हिमरू शालीचा कोपरा

बाबांना मातीआड करून आठवडा झाला. आज त्यांची ट्रंक उघडली, तर डांबरगोळ्यांच्या वासात हिमरू शालीचा बोटभर तुकडा सापडला.

माझ्या लहानपणी एका नाताळला बाबांनी ती लाडकी शाल छावणीतल्या चर्चची घंटा वाजवणाऱ्या याकोबमामांना दिली होती. "उपासनेतसुद्धा लक्ष हिच्याकडंच असायचं, म्हणून सोडली," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती मामांच्या शेळीच्या पाठीवर दिसली.

"गाभण हाय, साहेब. थंडी लई," मामा म्हणाले. "पर कोपरा तेवढा उंदरानं नेला व्हय?"

"उंदीरच असेल," बाबा शेळीकडं बघत म्हणाले.

तुकड्याची कड कात्रीनं सरळ कापलेली आहे. बाबांनी नेमकं काय सोडलं, मला कळेना. तुकडा मी पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि नव्या डांबरगोळ्या घातल्या.