क्लचला जोडलेला हॉर्न

गाडीचा क्लच घसरतोय हे नुसत्या वासावरून सांगणारा अख्ख्या नाशकात मी एकटाच होतो. बाकीच्या मिस्त्र्यांनाही नाक होतं, पण ते आधी गाडी चालवून बघायचे. म्हणून त्यांचं बरोबर निघायचं!

मी सातवी नापास. सत्तर सालच्या सुमाराला नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ सलीम उस्तादच्या गॅरेजात लागलो आणि पुढची पंधराएक वर्षं तिथंच लोळलो. गाड्यांच्या खाली. तिथं पत्र्याच्या डब्यात जुने नटबोल्ट साठायचे. टाकवत नाहीत, आणि लागेल तेव्हा मापाचा एक सापडत नाही. किस्स्यांचंही तेच झालंय. आज डबा उपडा करून फक्त क्लचच्या मापाचे निवडतो.

* * *

क्लच घसरणं म्हणजे काय? तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, इंजिन बोंबलतं, पण गाडी काही पळत नाही. अंबडच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले होते, त्यांना मी हे हातवारे करून समजावत होतो.

"कळलं," ते म्हणाले. "आमच्याकडे मॅनेजर बोंबलतो आणि काम जागचं हलत नाही. तसंच ना?"

"अगदी तसंच! आतली प्लेट झिजलीय. आज टाका, उद्या बदलून देतो."

"मजा आहे तुमची. आमच्याकडची प्लेट रिटायर झाल्याशिवाय बदलत नाही!"

* * *

देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी. सर्व्हिसिंग करून गाडी नेली आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत. "मिस्त्री, जळका वास येतोय."

मी बॉनेटजवळ गेलो, डोळे मिटले, नाक फुगवलं. "क्लचप्लेट जळाली!"

"चालवून तरी बघा."

"शेठ, डॉक्टर पेशंटला पळवून बघतो का?"

गिअरबॉक्स उतरवला. अर्धा दिवस गेला. प्लेट बाहेर काढली तर कोरी करकरीत, काल बसवल्यासारखी. मी चक्रावलो. पुन्हा वास घेतला. वास तर येतोय! शेवटी उस्ताद स्वतः गाडीखाली सरकला आणि सायलेन्सरवरून एक अर्धी जळलेली चिंधी ओढून बाहेर आला. निळ्या चौकड्यांची.

उस्तादनं चिंधी बघितली. मग माझा शर्ट बघितला, ज्याची एक बाही मी आदल्या दिवशीच हात पुसायला फाडली होती.

"बबन," तो म्हणाला, "नाक एकदम पक्कं आहे तुझं. फक्त हातांना सांगत जा, आपण काय कुठं ठेवतो ते."

* * *

तेव्हापासून उस्तादनं वास घेण्यावर बंदी घातली. "टेस्ट करायची!" टेस्ट सोपी. हँडब्रेक ओढायचा, टॉप गिअर टाकायचा, थोडं अॅक्सिलरेटर द्यायचं आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच ठणठणीत. चालूच राहिलं तर घसरतोय.

एका हायस्कूलचे गुरुजी सेकंडहँड गाडी घेऊन आले. मी टेस्टला बसलो. हँडब्रेक ओढला, टॉप टाकला, क्लच सोडला. इंजिन चालूच! म्हणजे क्लच गेला. पण गाडीही चालू लागली! म्हणजे क्लच आहे. आता गेला म्हणायचं का आहे म्हणायचं? गॅरेजसमोर जरा उतार होता. मी या विचारात, तोवर समोरच्या चहावाल्याचं बाकडं आलं आणि त्यावरची दोन गिऱ्हाइकं कपबशीसकट उठून पळाली.

गुरुजी मागून टाळ्या वाजवत आले. "गाडी ओढतेय! क्लच चांगला आहे! मी म्हणत होतो ना?"

मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्या हँडब्रेकची केबल तुटलेली आहे!"

"ते गाडी घेतल्यापासूनच आहे. पण त्याची तक्रार मी केली होती का?"

* * *

आता खरा घोळ डॉक्टरबाईंच्या गाडीचा.

बाईंचा दवाखाना शालिमारजवळ. गाडी चालवायला निवृत्ती, निफाडकडचा, माझ्याच वयाचा, गरीब माणूस. दवाखान्यामागच्या खोलीत बायकोपोरांसह राहायचा. बाईंची गाडी दर शनिवारी आमच्याकडे धुवायला आणि ग्रीसिंगला यायची. मी ट्रायल घेतल्याशिवाय गाडी सोडत नसे. बाईंच्या गाडीची ट्रायल जरा लांबची, सायखेड्यापर्यंत. तिथं माझी सासरवाडी, हे गॅरेजात सगळ्यांना आणि निवृत्तीलाही ठाऊक. बाईंच्या गाडीतून उतरलं की सासरा स्वतः चहा आणायचा!

तर या गाडीची क्लचप्लेट वर्षात दोनदा गेली. एवढ्या लवकर प्लेट जाते ती एकाच कारणानं. ड्रायव्हर गिअर बदलून झाल्यावरही डावा पाय क्लचच्या पेडलवरच टेकवून ठेवतो. प्लेट पुरती चिकटत नाही, घासत राहते. मी बाईंना तसं सांगून टाकलं.

निवृत्ती म्हणाला, "बाई, देवाशपथ, म्या पाय ठेवत नाय!"

"सगळे ड्रायव्हर असंच म्हणतात," मी म्हटलं. आणि मग मला चाळाच लागला. गाडी आली की चारचौघांत ओरडायचं, "निवृत्ती, उद्यापासून डावा पाय घरी ठेवून ये रे!" सगळं गॅरेज हसायचं. तो खाली मान घालून किल्ली द्यायचा.

मग तिसऱ्यांदा प्लेट गेली. बाई स्वतः आल्या. "मिस्त्री, नवी टाका. पण निवृत्ती, ही गेली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आणि खोली त्याला द्यावी लागेल."

निवृत्तीनं हसण्याचा प्रयत्न केला. जमला नाही. मला पहिल्यांदाच जरा कसंतरी झालं. पण गंमत करायची सवय वाईट! म्हटलं, "बाई, पुरावाच देतो."

भंगारातल्या स्कूटरचा हॉर्न काढला. ब्रेकलाइटचा एक स्विच बाईंच्या गाडीच्या क्लच पेडलला असा बसवला, की पाय नुसता टेकला तरी हॉर्न वाजायला पाहिजे. गिअर बदलताना 'पिप' वाजेल, ते माफ. पण पाय टेकवून ठेवला तर सगळ्या गावाला कळेल! उस्ताद कपाळाला हात लावून बसला.

आठवड्यानं बाई आणि निवृत्ती हजर. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, रोज मी मागे बसून ऐकलं. नुसतं पिप, पिप. लांब एकदाही वाजला नाही."

मी बुचकळ्यात पडलो. पाय टेकत नाही, तर मग तीन प्लेटा खाल्ल्या कुणी? "हॉर्नच बिघडला असणार," मी म्हटलं. "बसा, दाखवतो."

मी स्टिअरिंगवर, निवृत्ती शेजारी, बाई मागे. द्वारकेवरून गाडी काढली. पिप! पहिला गिअर. पिप! दुसरा. पीऽऽऽऽऽऽ! टांगे बाजूला झाले, सायकलवाले उतरले, एका हवालदारानं आमच्यासाठी सगळी ट्रॅफिक थांबवली.

"बघा! वायर शॉर्ट झाली!" मी ओरडलो. गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं. एकदम शांत. वायर हलवून बघितली. शांत. बॉनेट लावलं, परत बसलो, निघालो. पिप, पिप, पीऽऽऽऽऽऽ!

पुन्हा उतरलो. शांत. पुन्हा बसलो. पीऽऽऽऽऽऽ!

"अजब आहे," मी म्हटलं. "हा हॉर्न मी उतरलो की बरा होतो!"

आरशात बघितलं तर मागे बाईंनी पदर तोंडाला लावलेला. शेजारी निवृत्ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. तो वाकून खाली, पेडलकडे बघत होता. सावकाश सरळ झाला, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला,

"मिस्त्री, उद्यापासून डावा पाय घरी ठेवून या. सासरवाडीला राहिला असंल, तर मी आणून देतो!"