आत्याच्या रक्ताचा गोंदिया ते नागपूर प्रवास

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बाबा गोंदियाकडच्या बोदलकशाच्या तलावावर मासे धरतात. नागपूरच्या प्रयोगशाळेत मी काय करते ते त्यांना समजेल असं सांगायचं तर मीही मासेच धरते, फक्त रक्तातले. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक लोखंडाचे कण असतात. त्यांच्यावर असा लेप दिलेला असतो, की ते नेमके कॅन्सरच्या पेशीला जाऊन चिकटतात. मग बाहेरून चुंबक लावायचं. कोट्यवधी पेशी वाहून जातात, हव्या त्या दोन-चार अडकतात.

शहरातल्या रुग्णांवर हे जमत होतं. पण प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या मॅडमचं म्हणणं होतं, रेल्वेने आलेलं रक्त टिकणार नाही, गोंदिया तपासणीच्या गावांच्या यादीतून काढा. मी हट्ट धरला. आमच्याकडच्या बाया सुई टोचून घ्यायला नागपूरला कशा येणार? मॅडम म्हणाल्या, "दोन नमुने आणून दाखव. नाही जमलं तर विषय संपला."

माझ्या आत्याच्या छातीच्या कॅन्सरवर गोंदियाला उपचार चालू होते. तिने होकार दिला. दवाखान्यात रक्त काढलं आणि बाबा ते घेऊन निघाले.

नागपूरला बाबांनी मोठ्या ऐटीत थर्माकोलचा डबा उघडला. आत काठोकाठ बर्फ, आणि बर्फात आत्याची नळी. रक्त गोठून त्यातल्या पेशी फुटल्या होत्या. सगळं वाया.

"बाबा, बर्फ काऊन टाकला?"

"बिना बरफाची मासोळी सडते, मंग रगत नाई सडन? एवढी शिकली, तुले येवढं बी नाई समजत?"

चूक माझीच होती. बर्फ नको हे मी सांगितलंच नव्हतं. ज्याने जन्मभर मासे बाजारात नेले, तो बर्फ घालणार नाही तर काय करणार?

आता एकच नमुना उरला होता. सुयांनी आत्याचा हात काळानिळा झाला होता. तरी तिने दुसरा हात पुढे केला आणि बाबांना म्हणाली, "भाऊ, मी मासोळी नोहो. या खेपेले नीट ने."

या खेपेला बाबांनी नळी कोरड्या दुपट्ट्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर धरून रेल्वेत बसले. शेजारच्याने विचारलं, "डब्बे में क्या है, काका?"

"बहन का खून."

गोंदिया सुटायच्या आत अख्खा बाक रिकामा झाला. बाबा नागपूरपर्यंत ऐसपैस आले.

दुपारी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळ्या पार्श्वभूमीवर एक हिरवा ठिपका, म्हणजे रंग दिलेली कॅन्सरची पेशी. मग दुसरा. मोजून चार! मॅडमनी तीनदा पाहिलं, मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "गोंदिया यादीत राहील."

बाबांनीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एवढुशी? आन इनं माह्या बहिणीले रडवलं?"

आत्याच्या उपचारात त्या चार पेशींनी काही बदललं नाही, ते मी तिला आधीच सांगितलं होतं. पण आता आमच्याकडच्या सगळ्याच बायांचं रक्त गोंदियातच काढलं जातं आणि दर आठवड्याला नमुने माझ्या टेबलावर येतात. तपासणीला गेली, की आत्या दवाखान्याच्या बाकावरच्या नव्या बायांना ठणकावून सांगते, "कायले भेता वो? इथंच द्या रगत. तिकडं आमची पोरगी बसली हाये."