टाकीचा वास आणि माझा जवळा

घोडबंदर रोडला आमच्या भाताच्या शेतावर सोसायटी उभी राहिली, त्यात आम्हाला तळमजल्याचं घर मिळालं. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच सांडपाण्याची टाकी. ती बसवणारा माणूस सगळ्यांसमोर सांगून गेलेला, की यात चांगले जंतू सोडलेत, ते घाण खातात आणि वास येऊ देत नाहीत. फक्त त्यांना हवा लागते, म्हणून हवेचं मशीन बंद करू नका. ऐकलं सगळ्यांनी, लक्षात राहिलं माझ्या, कारण त्याची घरघर माझ्याच कानाशी.

सेक्रेटरी माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. शिकलेले, बोलायला गोड. दुपारच्या झोपेत घरघर नको म्हणून ते मशीन बंद करायला लावायचे. संध्याकाळी वास सुटला की मीटिंगमध्ये सांगायचे, खालच्या आजी सुका जवळा भाजतात, त्या मासळीचा हा वास. बायका हसायच्या. मी एकदा नीट समजावलं, तर म्हणाले, "आजी, जंतूंचं आम्ही बघतो, तुम्ही खिडकी लावून भाजा." अहो, माझ्याच सासऱ्याच्या बांधावर उभं राहून! पुढे पुढे तर सूनही जवळा घरात आणू देईना. ते मला फार लागलं.

मग त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला, टाकीशेजारच्या लॉनवर. पाहुण्यांसमोर घरघर नको म्हणून त्यांनी आदल्या सकाळीच मशीन बंद करायला लावलं. काय होणार ते मला कळलं. सांगायला हवं होतं म्हणाल? एकदा सांगितलेलं की.

त्या दिवशी मी गॅस पेटवलाच नाही. पैठणी नेसले, पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. अंगठ्या घालायच्या वेळेला वारा फिरला. मुलाच्या आईने पदर नाकाला लावला. सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाले, "आजी, आज तरी जवळा नको होता."

मी कमरेची किल्ली काढून मुलाच्या आईच्या हातात दिली. "ताई, जाऊन बघा, सकाळपासून माझा गॅस पेटलेला नाही. आणि आल्यावर यांना विचारा, टाकीचं मशीन कुणाच्या झोपेसाठी बंद असतं."

त्या खरंच जाऊन आल्या. सेक्रेटरी मशीन लावायला धावले, पण मेलेले जंतू बटण दाबून उठतात होय? पंगत हॉलमध्ये हलवावी लागली. मुलीचं वाईट वाटलं, त्यांचं नाही.

आता घरघर दिवसभर चालते. रविवारी मी जवळा भाजते, खिडकी सताड उघडी टाकून. वर त्यांची खिडकी लावल्याचा आवाज आला, की अजून एक मूठ तव्यावर टाकते.