उंबऱ्यातलं अर्धं कातडं

दादा गेल्याची खबर मला एसटीच्या कंडक्टरने दिली. खामगावच्या स्टँडवर, तेलाच्या मिलमधून सुटून मी चहा घेत होतो. कंडक्टर आमच्याच देऊळघाटचा. पायरीवरूनच ओरडला, "चढ लवकर, तुहा दादा गेला!" चहा तसाच ठेवून मी चढलो. त्याला आता महिना होत आला. दादाबद्दल जो तो चांगलंच बोलतो, पण शेवटी एक वाक्य हळूच जोडतो... "कातड्याच्या भानगडीत सापडला होता बिचारा." ते एक वाक्य मला खोडायचं आहे. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आमची ज्वारी डोंगराच्या अंगाला. रानडुकरं फार, म्हणून बाबा, दादा आणि मी रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला जायचो. मी अठराचा होतो, मिशा फुटलेला. लहान होतो म्हणायची सोय नाही. एकदा उजाडल्यावर बाबा माळ्यावरून उतरले आणि चार पावलांवर बिबट्याने त्यांना धरलं. आदल्या दिवशी कुणा हौशी शिकाऱ्याने त्याला छर्रे मारून तसंच सोडलं होतं. बाबांची मान त्याच्या जबड्यात आणि मागच्या पायांची नखं पोटात. दादाने वरून थेट त्याच्यावर उडी टाकली. कुऱ्हाडीचा पहिला घाव मानेत रुतला, पातं निघेना, तेव्हा जनावराच्या डोक्यावर पाय देऊन त्याने ते उपसलं आणि पुन्हा घातलं. रक्त कणसांपर्यंत उडालं. तो ओरडत होता, "उतर बे! बाबाले वढ!" मी माळ्याचा खांब धरून बसलो होतो. उतरलो नाही. बाबा बैलगाडीत, बुलढाण्याच्या वाटेवरच संपले.

गाव धावत आलं ते बाबांसाठी आणि बिबट्यासाठीही. नखं पोरांच्या गळ्यात बांधायला लागतात, चरबी सांध्यांना. अंग गरम होतं तोवरच लोकांनी नखं आणि मिशा उपटल्या. दादा रक्ताने भरलेली कुऱ्हाड घेऊन आडवा उभा राहिला. "नखं न्या. कातड्याले हात लावला तं हात तोडीन." ते कातडं त्याने खामगावहून कमावून आणलं. पाहुण्यांना वाटलं, आता भिंतीवर लागणार. दादाने ते उंबऱ्याच्या आत जमिनीवर टाकलं. "माह्या बापाले खाल्लं त्यानं. भितीवर कायले मिरवू?" शेतातून आला की चिखलाचे पाय त्यावर खसाखसा पुसायचा. आईसुद्धा पुसायची. मी मात्र त्यावरून उडी मारून आत जायचो. मला त्या मेलेल्या कातड्याची भीती वाटायची, आणि दादाला ते दिसत होतं.

माझ्या लग्नानंतर वाटणी झाली. जमीन, बैल, भांडी, सगळं गोडीत झालं, आणि कातड्यावर अडलं. खरं तर मला ते नको होतं, पण वाटणी म्हणजे वाटणी, एवढा हट्ट माझ्यात होता. दादा म्हणाला, "तू कुठी होता बे तवा?" चार पंचांसमोर! मी हातातला पितळी तांब्या त्याच्या तोंडावर फेकला. त्याचा दात पडला. तोंडातून रक्त गळत असताना तो आत गेला आणि तीच कुऱ्हाड घेऊन आला. मला वाटलं, आता मी संपलो. त्याने कातडं ओढून घेतलं आणि डोक्यापासून शेपटापर्यंत घावावर घाव घालून उभं फाडलं. मानेतलं जुनं भोकही दोन्हीकडे अर्धं अर्धं गेलं. माझा तुकडा त्याने माझ्या अंगावर भिरकावला. मी तो खामगावला नेला आणि पेटीच्या तळाशी दडवला.

मग काही वर्षांनी नवा कायदा आला. कातडं असो की हस्तिदंताची डबी, आजोबा-पणजोबांची का असेना, सरकारात नोंदवायची. दादा मुद्दाम खामगावला आला. "चाल, नोंद करून येऊ. ठेवता येते, इकता येत नाही." मी हसलो. घरची जुनी वस्तू, तिच्याशी सरकारचा काय संबंध! दादा एकटाच बुलढाण्याला गेला आणि "अर्धे कातडे" असा दाखला घेऊन आला. मी त्याच महिन्यात माझा अर्धा भाग एका फिरत्या व्यापाऱ्याला विकला. पैशाची नड नव्हती. घरातून ते जावं, एवढंच मला हवं होतं.

व्यापारी पळाला, पण त्याचा गठ्ठा धरला गेला. अर्ध्या कातड्याची नोंद कागदावर एकच होती, म्हणून जंगलखात्याचे साहेब लोक थेट दादाच्या अंगणात आले. मी त्या दिवशी गावातच होतो. त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि कुऱ्हाडीचं भोक पुरं झालं. "हा दुसरा कोणाचा?" दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. "दोन्ही माहेच." पहिल्याच फटक्यात त्याचा ओठ फुटला. व्यापाऱ्याचं नाव सांग म्हणून वेताने पाठ सोलली. नाव त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून मार वाढत गेला. नाव मला ठाऊक होतं... मी तीन हातांवर उभा होतो.

तुरुंगातून सुटला तेव्हा त्याला आणायला मीच गेलो. फाटकाबाहेर त्याने माझ्या अशी कानफटात दिली की तो कान अजून गुणगुणतो. "बाबाले इकलं तू."

"मंग तू काऊन घेतलं अंगावर?"

"तू काई उतरला नसता," दादा म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. पुढे हा विषय त्याने कधी काढला नाही. मी नीच माणूस आहे, मीही काढला नाही.

त्याचाही तुकडा जप्त झाला होता. तरी दादा शेवटपर्यंत त्या रिकाम्या जागेवर पाय पुसत राहिला; शेणाने सारवलेल्या जमिनीत तिथे खळगा पडला आहे. आणि मीही, काही नसताना, तिथून उडीच मारत राहिलो.

तेराव्याला दारात आलो आणि सवयीने पाय उचलला. वहिनी आतून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, पाय पुसून या ना."

मी खळग्यात पाय ठेवला. जमीन गार होती. ते कातडं मी विकलं होतं, वहिनी. दादाने नाही.