झाकण उघडं ठेवलेलं मशीन

कॉम्प्युटर मधेच थिजला की लोक लगेच म्हणतात, व्हायरस असेल. व्हायरस कसला डोंबलाचा! आधी झाकण काढून आत डोकवा म्हणावं. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंदापुरात एका जुन्या मशीनपायी जे काही भोगलंय, त्यानंतर माझा व्हायरसवर विश्वास राहिलेला नाही. देवावर आहे, पण तोही जरा हातचं राखूनच.

माझं माहेर अंथुर्ण्याचं. लग्नाआधी बारामतीला एका क्लासात मी कॉम्प्युटर शिकले, मराठी टायपिंग आणि लग्नपत्रिका-हँडबिलं जुळवायचं, म्हणजे मजकूर मांडून छपाईला तयार करायचं काम शिकले. लग्न होऊन इंदापूरला आले ती ते वेड घेऊनच. क्लासवाल्या सरांनी त्यांचं जुनं मशीन मला दिलं, आणि ते मी एसटीत मांडीवर घेऊन आणलं. सणसरच्या पुढं रस्ता असा होता की प्रत्येक खड्ड्याला मी त्या डब्याला पोटाशी धरत होते. शेजारची बाई म्हणाली, "देव आणलाय का काय गं?" तेव्हा मी हसले होते.

सासरचं घर एके काळी मेंढरं राखणारं. आता ऊस होता, मालक, म्हणजे माझे यजमान, कारखान्यात नोकरीला होते, आणि रस्त्याकडेला एक खोली रिकामी होती. त्या खोलीवर माझा डोळा होता आणि धाकट्या दिराचाही. त्याला तिथं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं दुकान टाकायचं होतं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायचे. आबांनी न्याय केला तो असा: "तुळशीच्या लग्नापतोर खोली सूनबाईची. कामं आली तर ऱ्हाऊ दे. न्हाय आली तर ती पेटी माळ्यावर, आन् खोलीत मोटारी." झालं. त्या दिवसापासून माझा जीव त्या एका खोलीत अडकला. घरात दुसरं काहीही माझं म्हणावं असं नव्हतं. ताटवाटीसुद्धा आत्यांच्या हातची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

कामं येणार होती एका माणसाकडून. बारामतीला एक छापखानेवाले तात्या होते. लग्नसराईत इंदापूरकडची, भिगवणकडची सगळी पाहुणेमंडळी लग्नपत्रिका जुळवायला त्यांच्याकडे जायची. त्यांना इंदापुरातच कुणीतरी हवं होतं. पण त्यांची अट रास्त होती. पत्रिका जुळवताना पाहुणे शेजारी बसतात. थोरल्या चुलत्याचं नाव आधी की मामाचं, हे तिथंच ठरतं, तिथंच मोडतं. बाई अर्धा तास मशीनचा पडदा रंगायची वाट बघत बसली, तर पाहुणे उठून जातात. "दिवाळी झाली की एक पाहुणा घेऊन येतो," तात्या म्हणाले. "माझ्यासमोर पत्रिका जुळवा. हात चालला तर सगळी सराई तुमची."

हात चालत होता हो! मशीन चालत नव्हतं. एकशे तेहेतीस मेगाहर्ट्झच्या वेगाचा प्रोसेसर. पत्रिकेवर वर गणपतीचं चित्र टाकलं की ते सोंडेपासून रंगायला लागायचं, आणि उंदरापर्यंत पोचेस्तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. एखाद्या काकांच्या नावात वेलांटी बदलली की परत सोंडेपासून सुरू. मी दात-ओठ खात बसायचे.

बारामतीच्या सरांना जाऊन भेटले. ते म्हणाले, याच प्रोसेसरला एकशे सहासष्टवर पळवता येतं. आतल्या पाटीवर, मदरबोर्डवर, बारीक पिना असतात, त्यांच्यावर एक काळी टोपी बसवलेली असते, तिला जंपर म्हणायचं. ती टोपी एका पिनेवरून काढून दुसरीवर घातली की प्रोसेसर जास्त वेगानं पळतो. "पण तापतो," सर म्हणाले. "पळवायचा असेल तर थंड ठेवायचा, आणि पळतोय म्हणून सारखं आणखी छेडायचं नाही." हे शेवटचं मी ऐकलं असतं तर बरं. घरी येऊन मी जंपर बदलला, मशीन पळालं, मग मला आणखी हाव सुटली. दुसरा एक जंपर हलवला तर पडदा काळाच. नुसता काळा. जंपर परत जागेवर आणला तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

मग एकशे सहासष्टवरच थांबले आणि ते टिकवायच्या मागं लागले. प्रोसेसरवर एक छोटा पंखा होता, तेवढ्यानं भागेना. म्हणून मी मशीनचं झाकणच काढून ठेवलं. आडवा डबा तो, वरून सताड उघडा. मॉनिटर शेजारी ठेवला आणि टेबलफॅन लावला डब्याच्या तोंडावर. गणपतीचं ते जड चित्र उघडून मी मुद्दाम मोठं-लहान, मोठं-लहान करत बसायचे, दिवसभर. श्रावण गेला, गौरी-गणपती झाले, मशीन एकदा म्हणून अडकलं नाही. आबा दारातून बघून जायचे. एकदा म्हणाले, "पेटीला वारा, आन् आमाला घाम." पण ते हसून म्हणाले.

आणि मग आला दसरा.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजतात. कोयता, कुऱ्हाड, नट आवळायचे पाने, आणि लोकर कातरायची कातर. मेंढरं विकून किती वर्षं झाली, पण कातर भिंतीतल्या देवळीत मानानं असायची. आत्यांनी त्या वर्षी ताट घेऊन माझ्या खोलीतही पाऊल टाकलं. मॉनिटरला भंडाऱ्याचं बोट लावलं, कीबोर्डला झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. मला भरून आलं, खरंच. ही बाई माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी त्यांच्या पाया पडले आणि चहा टाकायला आत गेले.

दसऱ्यानंतर मशीन अडकायला लागलं. पहिल्यांदा दुपारी. माऊसचा बाण थिजला, पडदा थिजला, काही केल्या हलेना. बंद करून चालू केलं, थोडा वेळ चाललं, परत तेच. म्हटलं, जोर झेपेनासा झालाय. जंपर काढून परत एकशे तेहेतीसवर आणलं. तरी अडकतंय! आता काय म्हणायचं याला? म्हणजे चिपच भाजली की काय? मग मला वाटलं, व्होल्टेज. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं बल्ब पिवळा पडायचा. मालकांच्या मागं लागून स्टॅबिलायझर आणवला. अडकतंच. मग रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. अडकतंच. तरी परत एकशे सहासष्टवर नेलं, म्हटलं मरायचं तर पळून मर. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी माझी सगळी दिवाळी गेली. करंज्या लाटताना डोळ्यांपुढं जंपर.

दर वेळी अडकलं की मी कपाळावर हात मारून ओरडायचे, "बंद पडलं गं बाई परत!" आत्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज बी पडलं?" मी म्हणायचे, "पडलं."

एकदा जंपर बघायला वाकले तर डब्यात तळाशी तांदळाचे दाणे. पांढरेशुभ्र, चार-दोन. उंदीर! दुसरं कोण? एवढ्या वायरींच्या पट्ट्या आडव्या-तिडव्या पसरलेल्या, त्यांच्याखाली उंदरानं कोठार केलं असणार. मी पिंजरा आणून टेबलाखाली लावला, भाकरीचा तुकडा लावून. आत्यांना सांगितलं, उंदीर झालाय मशीनमध्ये. त्यांचं तोंड उतरलं. उंदीर काही सापडला नाही. दाणे मात्र परत दिसायचे.

तात्या यायच्या दिवशी सकाळी मी शेवटचा उपाय केला. सायकलचा पंप घेतला आणि वरून डबाभर हवा मारली, वायरींच्या खाली, पंख्याच्या पात्यांत, सगळीकडं. दाणे उडाले, धूळ उडाली, मी शिंकून बेजार. मशीन चालू केलं. गणपती सोंडेपासून उंदरापर्यंत सर्रकन रंगला. परत केला, परत सर्रकन. मी देवाचं नाव घेऊन अंगावरचं लुगडं बदललं.

तात्या आले, बरोबर भिगवणचे एक पाहुणे, नवरदेवाचे थोरले चुलते. मासळीचा धंदा, आवाज मोठा, हातात जाड अंगठी. ते नावं सांगत गेले, मी टाइप मारत गेले. मामाचं नाव वर, नको खाली, नवरदेवाच्या आत्याचे यजमान राहिले, ते मधे घाला. मी घालत होते आणि पडदा माझ्या बोटाबरोबर पळत होता. तात्यांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा आबांकडं बघितलं. आबा दारातच उभे होते. तात्या म्हणाले, "आबा, सूनबाईचा हात बघितला का? सराई इकडंच पाठवतो आता." आयुष्यात इतकी बरी वाक्यं मी फार ऐकलेली नाहीत. म्हटलं, आता हे सेव्ह करते, मग पुढं. आणि सेव्हवर बोट दाबलं.

तेवढ्यात आत्या आल्या. हातात पूजेचं ताट, डोक्यावर पदर. "पाव्हणं आलं म्हणून घाईत आज राहिलंच बघ," असं म्हणत त्या सरळ टेबलापाशी आल्या आणि चिमूटभर पांढऱ्या अक्षता त्या उघड्या डब्यात, मधोमध, नेमानं टाकल्या. पाहुणे खूष. "वा! पूजा करून पत्रिका लिवता व्हय?" म्हणत त्यांनीही हात जोडले. डब्यातून आवाज आला, टर्रर्र, आणि मग काहीच नाही. छोटा पंखा थांबला होता. प्रोसेसर तापला आणि काही क्षणांतच पडदाही थिजला, जड चित्र अजून सेव्ह होत असतानाच.

मी ओरडले, "अहो आत्या! काय टाकलंत हे?"

"अक्षता," त्या म्हणाल्या. "रोज टाकते की. दसऱ्याला पूजेत टाकल्या तवापासनं. तुझं सारखं बंद पडतंय म्हणून."

बंद पडतंय म्हणून! आणि मी ओरडले की दुसऱ्या दिवशी जरा जास्त. मी आंघोळीला गेले की गुपचूप. मशीन अडकायचं म्हणून त्या अक्षता टाकायच्या आणि अक्षतांनी मशीन अडकायचं. मला हसावं की रडावं कळेना. पुढं पाहुणे बसलेले, नाहीतर मी दोन्ही केलं असतं.

बंद करून चालू केलं. ती फाइल उघडेचना, सेव्ह होताना अर्धवट तुटलेली. मी म्हटलं, लगेच परत जुळवते, वेळ नाही लागणार. पण पाहुण्यांचा चेहरा बदलला होता. "अक्षता पडल्या आन् पत्रिका मोडली," ते म्हणाले. "न्हाय ताई. ह्ये लक्षण चांगलं न्हाय. हितं नको." ते उठले. तात्यांनी मान खाली घातली. गिऱ्हाईकाच्या मनात पाल चुकचुकली की छापखानेवाला तरी काय करणार? चहा तसाच राहिला. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पाहुण्यांचा आवाज ऐकू येत होता.

मी डबा उचलून अंगणात पालथा केला. वायरींखाली दडलेले तांदूळ पडले, मूठभर. पंख्याच्या पात्यांत अडकलेले हेअरपिननं काढले. परत आत आणून चालू केलं. मशीन असं पळालं, असं पळालं की बघत राहावं. एकशे सहासष्ट, एकदाही न अडकता. आणि बघायला कुणी नव्हतं. आत्या दाराशी येऊन म्हणाल्या, "आता चालतंय?"

"चालतंय."

"मग देवानं ऐकलं म्हणायचं."

मी हेअरपिन केसात खोचली आणि पडद्याकडं वळले. तोंड उघडलं असतं तर त्या घरात मला पुढं राहता आलं नसतं, इतका संताप होता.

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी आबा आणि दीर पेटी माळ्यावर ठेवायला आले. मी खुर्ची ओढून वाट दिली. शब्द आबांचा होता आणि काम तर आलं नव्हतं. दिरानं वायर उपटायला हात घातला तसा आत्यांनी खोलीच्या उंबऱ्यात ठाण मांडलं.

"त्याला हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "पूजलंय म्या ते."

"अगं, ते काय देव हाय का?" आबा म्हणाले.

"मेंढरं इकली तुमी. कातर माळ्यावर टाकली का? देवळीतच हाय न्हवं? का? तर पूजलेली हाय. मग ह्ये बी पूजलेलं हाय. मोटारी भरायच्या तर गोठ्यात भरा."

आबांनी दिराच्या हातातली वायर सोडवून खाली ठेवली. मग दिराला म्हणाले, "चल, गोठा झाडून काढू."

खोली राहिली. ज्या अक्षतांनी माझं काम घालवलं, त्यांनीच माझी जागा राखली, आणि याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. तात्या काही परत आले नाहीत. त्या सराईत मला शाळेच्या गॅदरिंगची हँडबिलं आणि एका रसवंतीची पाटी, एवढंच मिळालं. आत्यांना पूजा बंद करा असं सांगायची सोय उरली नव्हती, खोली त्यांच्या पूजेवर उभी होती. म्हणून मी मशीनवर झाकण बसवून टाकलं, चारी स्क्रू आवळून. झाकण बसलं की एकशे सहासष्ट टिकेना, तापून अडकायचं. शेवटी जंपर काढला आणि परत एकशे तेहेतीसवर आणला.

रोज सकाळी आत्या यायच्या, बंद झाकणावर चिमूटभर अक्षता टाकायच्या. पत्र्यावर दाणे टपटप वाजायचे आणि घरंगळून टेबलाखाली जायचे. मी खुर्चीत बसून गणपतीची सोंड रंगायची वाट बघायचे. जाताना त्या न चुकता विचारायच्या, "चालतंय न्हवं?"

"चालतंय, आत्या," मी म्हणायचे, आणि केरसुणी घेऊन दाणे गोळा करायला वाकायचे.