चावीचं माहेर

समस्त शहादा तालुक्याला, आणि उपवर मुलांच्या आईबापांना विशेषकरून, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की लोणखेड्याचे माझे साडू हयात आहेत तोवर या पृथ्वीतलावर कोणतीही खोटी वस्तू सुखाने जगू शकणार नाही. देठाजवळ चाटल्याशिवाय ते मिरची घेत नाहीत; डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना दुकानदाराला ठणकावून सांगतात, "फिक्की शे!" आमच्या नात्यागोत्यात कुणाची मुलगी द्यायची तर चौकशीला साडूच लागतात. मुलाच्या घरी ते थेट कधीच जात नाहीत. आधी पिठाची गिरणी, मग न्हावी, मग शेजारच्या बांधाचा मालक. नियम एकच, "पोऱ्यानी चौकशी पोऱ्याना मामाले करानी नही." ब्राह्मणपुरीच्या एका स्थळाने दारात नवाकोरा ट्रॅक्टर उभा केला होता. गिरणीवरून आलेल्या साडूंनी चहाचा घोट घेत विचारलं, "हाऊ ट्रॅक्टर संध्याकाळले कोठे वापस जास?" यजमानांची बशी हातातच तिरपी झाली.

अशा माणसाच्या मुलीने, आमच्या वंदनाने, लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे कापणं-जोडणं, करायचा धंदा काढला. पहिलीच ऑर्डर, रविवारी पाहुण्यांसमोर दाखवायची, आणि ऐन वेळी तिच्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टीमने मान टाकली. चित्रीकरण कॅमेऱ्याच्या कार्डात शाबूत होतं, पण नवी सिस्टीम टाकल्याशिवाय काम पुढे सरकेना. पहिलंच काम हुकलं तर या पोरीला पुन्हा कोण बोलावणार?

आम्हा दोघांचा मेहुणा धावून आला. त्याच्या मोबाईलवर सिस्टीमच्या लायसन्सची चावी, म्हणजे ती चालू करणारा आकडा, जवळजवळ फुकटात देणाऱ्याची जाहिरात होती. "दाजी, सगळं जग हाईच टाकस!"

"जगले टाकू दे. मी जग नही."

साडूंनी त्या विक्रेत्याला फोन लावला. "भाऊ, या चावीनं माहेर कोनतं? पक्कं बिल देशी का? आनी हीच चावी आखो कितला जनेसले दियेल शे?" फोन कटला. साडू असे प्रसन्न झाले, जणू एक मोडकं स्थळ वेळेवर परतवून लावलं. मग त्यांनी कंपनीच्या स्वतःच्या साईटवर अधिकृत विक्रेत्यांची नावं काढली, त्यातला सणाची सूट देणारा निवडला आणि बिलासकट चावी घेतली. सूट त्यांना वर्ज्य नाही. सूट देणाऱ्याचं कूळ कळलं पाहिजे, एवढंच.

राहिली सिस्टीमची फाईल. मेहुण्याने ती कुठूनशी पेनड्राईव्हवर आणली, आणि तिचा ठसाही. ठसा म्हणजे अंक-अक्षरांची एक लांबलचक माळ. फाईलमध्ये कुणी तिळाएवढं काही घुसडलं तरी माळ पालटते. साडूंनी माझ्या लॅपटॉपवर फाईलचा ठसा काढून ताडून पाहिला. तंतोतंत! ते पेढे आणायला निघाले, तोच मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "जो ठसा ताडा, तो कोठला?"

"पेनड्राईव्हमासलाच."

"म्हणजे पोऱ्यानी चौकशी पोऱ्याना मामाले करी!"

पायातली चप्पल तशीच ठेवून साडू परत फिरले. आता मेहुणीने मोबाईलवर कंपनीच्या साईटवरचा ठसा उघडला आणि ती एकेक अक्षर वाचू लागली. पहिल्याच अक्षराला भांडण. दुसऱ्याला मोठं भांडण. चष्म्यांची अदलाबदल झाली, तरी माळेला माळ जुळेना.

"जुनं व्हर्जन ऱ्हाई, दाजी! टाकी द्या!"

"पत्रिका जुळनी नही आनी तू मांडव घाली ऱ्हायना?"

वंदना रडकुंडीला आली. "आबा, रविवार उना! मन्हं पहिलं काम शे!"

"पहिलं शे म्हनीसनच नही, बेटा. त्या कार्डमा दुसरानी पोरनं लगन शे. ते चोरना हातमा देऊ का?"

सगळं घर एकीकडे, साडू एकीकडे. एवढी मोठी फाईल उतरवण्याइतकी रेंज गच्चीवरच मिळते. म्हणून भर उन्हात मोबाईल पाण्याच्या टाकीवर, माझा लॅपटॉप पाटावर, त्या दोघांवर छत्री आणि छत्री धरून साडू. कंपनीच्या साईटवरून फाईल मुंगीच्या पावलांनी उतरत होती. "टक्कल तापी जाई!" मेहुणी खालून ओरडली. "तापू दे!" वरून उत्तर. फाईल उतरल्यावर नवरा-बायकोने पुन्हा वाचन मांडलं, मंगलाष्टकाच्या चालीवर. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा शेजारणीने कुंपणापलीकडून हात जोडले.

नवी सिस्टीम बसली, आणि वंदना दोन दिवस लॅपटॉपसमोरून हलली नाही. रविवारी सकाळी तयार व्हिडिओ तिने आधी आबांना दाखवला. हळद झाली, वरात झाली, पाठवणी आली. पोर गाडीत बसत होती आणि तिचा बाप गोठ्याकडे तोंड करून, बैलाचं आधीच सुटलेलं दावं सोडत उभा होता. साडूंनी व्हिडिओ थांबवला. मागे घेतला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मला वाटलं, झालं, काहीतरी खोट काढली. हल्ली वंदनालाही स्थळं येतात, आणि तिच्या चौकशीला निघालेला हा माणूस न्हाव्यापर्यंतही न जाता गिरणीवरूनच घरी परततो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत मात्र कुणी नाही. वंदनाने भीतभीत विचारलं, "आबा, काही चुकनं का?"

पडद्यावरून नजर न काढता साडू एकदम म्हणून गेले, "याले तपासानी गरज नही, माय. हाऊ बाप अस्सल शे!"