जोडी नसलेलं हरीण

टूथपावडरचा वास आला की मला ते चांदीचं हरीण आठवतं. जुने चांदीचे प्राणी जमवायची हौस माझी, पण नायगावच्या खाडीवरच्या वाऱ्याने ते काळे पडायचे आणि टूथपावडरने घासत बसायची बायको. एकदा वसईच्या सराफाकडे वितळवायला आलेल्या मोडीतून मी एक कान वाकलेलं हरीण सोडवून आणलं. तिने बघताच विचारलं, "अहो, याची जोडी कुठाय?" एकच मिळालं म्हटल्यावर ती वैतागली. "एकटं जनावर घरात ठेवू नये हो," म्हणत तिने ते आरशासमोर नेऊन ठेवलं. "आता करमेल त्याला." ती गेल्यापासून हरीण मीच घासतो, आणि सकाळचा चहाही त्याच आरशासमोर बसून पितो.